चार दहा ते चार तेरा

टेचिमान, ५ जानेवारी २०१६

अदोमाताई,

फाडायच्या आधी एवढं वाच. आईच्या दोन्ही खोल्या तुझ्या आहेत. पुढचा व्हरांडासुद्धा. हे मी नाही म्हणत, आई म्हणालीय, आणि माझ्याकडे व्हिडिओ आहे.

आता फाडायचं तर फाड.

तू मला ब्लॉक केलंयस. फिफीच्या फोनवरून लावला तर माझा 'हॅलो' ऐकून बंद केलास. म्हणून पत्र. मेन्सा ड्रायव्हर तुमच्या टाकोराडीला आठवड्यातून दोनदा येतो, तो आणून देईल. त्याला सांगितलं, स्टँडमागं काळ्या छत्रीखाली शिवणमशीन घेऊन बसलेली असते, रागीट दिसते. तो म्हणाला, "तिथं सगळ्याच शिंपिणी रागीट दिसतात." मी म्हटलं, "मग त्यातली एक नंबर रागीट बघ."

परवा दफनाला तू आलीस ते मी पाहिलं. मागच्या रांगेत, खांबाजवळ. तू माझ्याकडं बघितलं नाहीस. मी कॅमेरा घेऊन फिरत होतो ना, दोनदा तुझ्यावरनं नेला. दोन्ही वेळा तू तोंड फिरवलंस. व्हिडिओत तुझा फक्त कान आलाय.

तर ऐक. नोव्हेंबरच्या एकोणतीस तारखेला, रविवारी दुपारी, आईनं बादूमामाला बोलावून घेतलं. शेजारच्या पोकुआ आजीला पण. मला म्हणाली, फोन लाव त्या कपाटावर आणि हात लावू नकोस. मी लावला. आई उशीला टेकून बसली आणि म्हणाली, या दोन खोल्या मी टोमॅटो विकून बांधल्या, कुळाच्या पैशाची एक वीट नाही यात, त्या मी माझ्या मुलीला, अदोमाला देते. स्पष्ट. खोकला न येता. मामा समोर बसून मान डोलवत होता.

आता तोच मामा म्हणतो, मला नीट आठवत नाही.

तीस तारखेला आईचा चाळिसावा दिवस आहे. त्या दिवशी कुळाची बैठक बसेल आणि आईचं काय कुणाला ते ठरेल. मी म्हटलं, मामा, व्हिडिओ आहे. तर म्हणतो, "फोनमधलं मला दाखवू नकोस. फोनमध्ये तू मला बोकड केलंवतंस." ते खरंय गं. ईस्टरच्या भाषणात त्याला बोकडाचा आवाज दिला होता. सगळ्या बाजारानं बघितलं. अजून भाजीवाल्या त्याला बघून बें करतात. मग म्हणाला, "माझ्या टीव्हीवर लावून दाखव, डीव्हीडीच्या तबकडीवर. सगळ्यांसमोर."

त्याचा तो जुना तबकडीचा डबा फोनमधलं काही खात नाही. बदलून द्यावं लागतं. ते मी करतोय. एवढंच काम आहे. तू फक्त तीस तारखेला ये.

तू म्हणशील आई माझी कुणी नव्हती. तुझ्या लग्नाचं जे झालं ते झालं. ती बोलली ना, मीच केलं म्हणून. आता ती गेली. खोल्या तरी घे.

आन्टो


टेचिमान, ११ जानेवारी

ताई,

मेन्सा म्हणाला, तू पत्र घेतलंस आणि मशीनच्या खणात टाकलंस. फाडलं नाहीस. मी त्याला तीनदा विचारलं, फाडलं नाही ना? तो म्हणाला, "आणखी विचारशील तर तुलाच डिकीत टाकून नेतो."

सोबत पेनड्राइव्ह आहे. त्यात आई आहे. पण आधी सांगतो, घाबरू नकोस, तिचं तोंड आणि आवाज जुळत नाहीये. तोंड आधी हलतं, आवाज मागनं येतो. सुरुवातीला थोडासाच, मग वाढत जातो. शेवटी तर ती पाणी पिते आणि तिच्या पोटातनं "खोल्या" असं ऐकू येतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसलो. मग हसू गेलं.

बाकी कुणाचा असता तर मी मजा केली असती. पण आईचा आवाज तिच्या मागं मागं चालताना बघवत नाही. जशी ती हयात असताना मामाच्या मागं चालायची, टोपली घेऊन.

मी काय काय केलं सांगतो. एक, आवाज दोन सेकंद पुढं ओढला. सुरुवात बिघडली, शेवट सुधारला. दोन, मागं ढकलला. उलटं झालं. तीन, दुसऱ्या प्रोग्रामनं बदलून बघितला, त्यानं आईला लांब केलं, चिंचोळी, शहामृगासारखी. चार, कॉम्प्युटरला लाथ मारली. त्यानं पंखा चालू झाला, बाकी काही नाही.

कॉम्प्युटर माहितीय ना तुला, तोच, बंदरावरनं आलेला, ज्याच्या अंगावर परक्या भाषेतले स्टिकर आहेत. आईच्या खोलीतच ठेवलाय, तिच्या टेबलावर. लाइट बारा तास असते आणि चोवीस तास नसते. एक बदल करायला चाळीस मिनिटं लागतात आणि अडतिसाव्या मिनिटाला लाइट जाते. लाइटवाल्यांना कुणी सांगितलं असेल का, आन्टो काहीतरी करतोय म्हणून? वर ही हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ. किबोर्डवर बोट ठेवलं की ठसा उमटतो.

तू विचारशील, फोनमधला मूळ व्हिडिओ कुठाय, तो जुळत असेल ना. जुळत होता. पण तो गेला. दफनाचा व्हिडिओ काढायचा होता, फोन भरला होता. मी पहिला कॉम्प्युटरवर घेतला, बदलला, आणि फोनमधला पुसला. मग कॉम्प्युटर पण भरला, तर तिथला पण पुसला. चुकून. बदललेला तेवढा राहिला.

मामा काल बाजारात भेटला. म्हणाला, "पोरा, ती बोलली असेल, मी नाही म्हणत नाही. पण देणं नुसतं बोलून होत नाही. घेणाऱ्याच्या बाजूनं आभाराची दारूची बाटली यावी लागते, आणि कुळाच्या माणसानं ती घ्यावी लागते. अदोमा तर इथं नव्हतीच. मग बाटली कुणी दिली? कुणी घेतली? आहे तुझ्या व्हिडिओत?"

मी म्हटलं, बघतो.

आन्टो


टेचिमान, १७ जानेवारी

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. माझ्याच पाकिटाच्या मागं लिहिलीस, नवीन कागद पण वाया घालवला नाहीस माझ्यावर. मी पंधरा वेळा वाचली, तीनच तर ओळी आहेत. "तिच्या तोंडाकडं बघू की ऐकू? नीट करून पाठव. तीस तारखेला येते. ती माझ्या लग्नाबद्दल काही बोलली का?"

म्हणजे चार ओळी झाल्या.

येतेस हे बरं केलंस. मेन्सानं सांगितलं, तिथली बसायची जागा मालकाला पाहिजे आहे, ईस्टरच्या आत तुला मशीन हलवायला सांगितलंय. हे तू मला लिहिलं नाहीस. इथला व्हरांडा मोठा आहे. उत्तरेला तोंड आहे, ऊन येत नाही. मी मोजला. तुझं मशीन, कापायचं टेबल आणि गिऱ्हाइकाला बाकडं, सगळं बसतं.

आता दुरुस्तीचं. फिफीला बोलावलं. तोच, कॉम्प्युटरच्या दुकानातला, समुद्राकडचा, जो फुफूला नाक मुरडतो आणि तीन वाट्या खातो. तो बसला, आईला बघितलं, टोपी काढली. मग म्हणाला, "हे तुझ्या फोननं केलंय. खोलीत अंधार होता ना? अंधारात फोनचा कॅमेरा दमतो. उजेडात सेकंदाला तीस चित्रं काढतो, अंधारात कधी वीस, कधी बावीस, जसं जमेल तसं. तुझ्या प्रोग्रामला वाटलं सगळी तीसच आहेत. त्यानं चित्रं भरभर पळवली. आवाज बिचारा आपल्या चालीनं येतोय. चूक आवाजाची नाहीये. चित्र पळतंय."

मला ते बरं वाटलं. आईच्या आवाजाची चूक नाही.

त्यानं चित्राचा वेग खेचून खेचून कमी केला. दर मिनिटाला थांबायचं, ओठ बघायचे, 'प' आणि 'म' आला की ओठ मिटतात, तिथं आवाज आणून बसवायचा. आम्ही दोघं दुपारभर आईच्या तोंडाकडं बघत बसलो. ताई, तिचा खालचा एक दात गेला होता, माहिती होतं तुला? मला नव्हतं.

चार दहापर्यंत जुळलं. म्हणजे आईच्या डोक्यामागं भिंतीवर घड्याळ आहे ना, त्यात चार दहा वाजेपर्यंत. आणि तिथं सगळं एकदम फिसकटलं. फिफी म्हणाला, "हे वेगळंय. चूक हळूहळू वाढत जाते, पोर वाढतं तशी. इथं तर उडी मारलीय." मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, फाइल तुटली असेल, लाइट गेली होती तेव्हा. तो म्हणाला, "लाइट एवढी सरळ रेषेत कापत नाही." मग टोपी घातली आणि म्हणाला, उशीर झाला.

फिफी जरा जास्तच शहाणा आहे.

तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर. नाही. लग्नाबद्दल नाही बोलली.

आन्टो


टेचिमान, २४ जानेवारी

ताई,

चार दहाच्या पुढचा भाग मी वेगळा काढला आणि एकट्यानं जुळवला. फिफीला नाही बोलावलं. तीन दिवस लागले. पुढं फार नाहीये, चार मिनिटं. आई पाणी मागते, मग कोंबड्या कुणाला द्यायच्या ते सांगते, मग ती गेल्यावर तिला कुठलं कापड घालायचं ते सांगते, आणि शेवटी म्हणते, "अदोमाला म्हणावं, मशीनला तेल घालत जा, कोरडं चालवते ती." ते एकदम जुळलंय. तेल म्हणताना ओठ बघ.

पण मधलं मिळत नाही.

मी फिफीकडं गेलो. म्हटलं, पुसलेलं परत आणायचा प्रोग्राम असतो ना, तो दे. तो म्हणाला, "परवा तर म्हणालास लाइट गेली." मी म्हटलं, दे. त्यानं विचारलं, "आता कशाला शोधतोस?" मी म्हटलं, ताईनं विचारलंय.

प्रोग्राम सकाळपासून फिरत होता. कुठकुठलं वर आलं. माझ्या शाळेचा दाखला, जो मी मुद्दाम हरवला होता. मामाचा बोकड आला, अख्खा, आवाजासकट. आईच्या व्हिडिओचं नाव दिसलं, सापडला म्हणून मी उघडला. ताई, आत दफन होतं. शवपेटी, लाल-काळे कपडे, भाड्याच्या खुर्च्या, रडणाऱ्या मावश्या, आणि तुझा कान.

फिफीनं समजावलं. पुसलेली गोष्ट लगेच जात नाही म्हणे. तिच्या जागेवर दुसरं काही लिहीपर्यंत ती तिथंच पडून असते. मी पुसल्यावर काहीच केलं नसतं, तर आई अजून तिथं असती. पण मी दफनाचा व्हिडिओ आणून ठेवला, आणि तो नेमका त्याच जागी जाऊन बसला. आईच्या बोलण्यावर तिचीच शवपेटी ठेवली मी.

त्यानंतर मी अंगणात जाऊन बसलो. पोकुआ आजी तिथंच होती, शेंगदाणे सोलत, डोळ्यांवर तो पांढरा पडदा. म्हणाली, "कोण रडतंय?" मी कुत्र्यासारखा भुंकलो. ती म्हणाली, "आन्टो, कुत्रं इतकं वाईट भुंकत नाही."

मामानं मला परवा घरी बोलावून थंड माल्ट पाजलं. दोन बाटल्या. आयुष्यात पहिल्यांदा. काय बोलला ते तू आलीस की तोंडावर सांगीन.

ये. पहाटेची गाडी पकड, म्हणजे दुपारी बैठकीच्या आत पोचशील. मी केंकी आणि तळलेला मासा ठेवतो.

आन्टो


टेचिमान, ३१ जानेवारी

ताई,

मासा तसाच आहे. मांजरानं पण खाल्ला नाही.

तू होतीस तिथं, तरी लिहितो. तू दाराजवळ उभी होतीस आणि पंखा खडखडत होता, सगळं ऐकू आलं नसेल.

तबकडी लागली. पहिल्या झटक्यात. मला वाटलं होतं डबा कुरकुर करेल, आई अडकेल, पण नाही. आई टीव्हीवर आली आणि बोलली, आणि ओठ आणि आवाज एकत्र होते. मावशी म्हणाली, "अगं बाई, ही तर बसलीय समोर." सगळ्या बायका रडायला लागल्या. मी तुझ्याकडं बघितलं. तू हात तोंडावर धरला होतास. मला वाटलं, झालं. जमलं.

मग मामानं रिमोट घेतला. चष्मा लावला. म्हणाला, "हे भिंतीवरचं घड्याळ कुणाचं?" कुणीतरी म्हणालं, तिचंच. "किती वाजलेत?" चार दहा. "आता बघा हं." बटण दाबलं. "आता किती?" चार तेरा. पुन्हा मागं नेलं, पुन्हा पुढं. चार दहा, चार तेरा. चार दहा, चार तेरा. सहा वेळा केलं त्यानं. म्हणाला, "माझ्या बहिणीनं पापणी पण हलवली नाही आणि तीन मिनिटं गेली? आम्हाला बोकड बनवणाऱ्या पोरानं इथं काय बनवलंय?"

लोक हसले. मीच हसायला शिकवलंय त्यांना.

तेव्हा पोकुआ आजी उठली. एकटी उठली ती. म्हणाली, "मी तिथं होते. मला दिसत नाही पण कान आहेत. बाटलीचं बूच निघालं ते मी ऐकलं. जमिनीवर ओतलं ते ऐकलं." मामा म्हणाला, "कुणी ओतलं, आजी?" "ते दिसलं नाही." "म्हणजे आवाज. आवाजाचं काय, आवाज तर या पोराच्या हातचा मळ आहे."

मग तो माझ्याकडं वळला. एकदम प्रेमानं म्हणाला, "आन्टो, तूच सांग बाबा. फोन तुझा होता. त्या तीन मिनिटांत काय झालं?"

तू दाराजवळ एक पाऊल पुढं आलीस. मी पाहिलं ते.

मी म्हटलं, बॅटरी गेली होती.

पुढचं तुला माहीत आहे. बाटली दिसत नाही, साक्ष आंधळी आहे, खोल्या कुळाच्या, किल्ली मामाकडं. सगळे जेवायला बसले. तू बसली नाहीस. मी स्टँडपर्यंत पळत आलो, तोवर गाडी सुटली होती.

बॅटरीच गेली होती ताई. त्या फोनची बॅटरी तुला माहिती नाही, कधीही जाते.


टेचिमान, ३ फेब्रुवारी

ताई,

ते पत्र मी पाठवलं नव्हतं. आता दोन्ही एकत्र पाठवतोय.

बॅटरी गेली नव्हती. बॅटरी गेली असती तर व्हिडिओ बंद झाला असता, पुन्हा चालू करावा लागला असता, आणि आईनं मान एवढीशी पण हलवली नाही असं दिसलं नसतं. हे फिफीला पहिल्या दिवशी कळलं. मामाला कळायची गरजच नव्हती, तो तिथं बसला होता. त्याला तीनही मिनिटं तोंडपाठ आहेत. माल्ट पाजताना तो हेच म्हणाला. "मला आठवतंय काय झालं. तुलाही आठवतंय. तू सांगितलंस की मी पण सांगीन. बाटलीचं सांगायचं तर तिच्या आधीचं पण सांगावं लागेल, हो की नाही? म्हाताऱ्याला आठवत नाही, पोराला आठवत नाही, बरं दिसतं." आणि दुसरी बाटली उघडली.

मी कापलं. आई गेल्यावर चौथ्या दिवशी. लाइट होती, सगळं नीट चालत होतं, कुणी हात धरला नव्हता. कापलं, मग मूळ पुसलं, दोन्ही ठिकाणचं, चुकून नाही. मला वाटलं होतं, खोल्यांचं बोलणं आधीच झालंय, ते राहू दे, नंतरचं काढू. ताईला खोल्या पण मिळतील आणि मी पण वाचीन. बाटली त्याच तीन मिनिटांत आहे हे मला कापताना दिसत होतं. पण बाटलीवाचून देणं बसत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शाळा सोडली तशी मी मोठ्यांच्या बैठका पण सोडल्या होत्या, बाहेर उभा राहून त्यांचे आवाज काढायचो. बसलो असतो आत, तर कळलं असतं.

परवा सकाळी मी मामाकडं गेलो. दोन मावश्या होत्या, शेजारचे म्हातारे होते, सगळ्यांसमोर सांगितलं. काय कापलं, का कापलं, बाटली कुणी घेतली. ओरडून सांगितलं. मामानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "परवा बॅटरी बोलली, आज आई बोलतेय. उद्या कोण बोलणार तुझ्या तोंडातनं?" म्हातारे हसले. एकजण बें म्हणाला.

पोकुआ आजी एकटी म्हणते, मला माहीत होतं. पण तिला विचारतं कोण.

आता तुला सांगतो काय होतं त्यात. मला शब्दन् शब्द येतो, कापायच्या आधी मी ते वीस वेळा ऐकलंय. तुझा विश्वास बसणार नाही, तो माझाच धंदा आहे, दुसऱ्याच्या तोंडात बोलणं घालायचं. पण हे तिचं आहे.

तुझी दारठोठावणी झाली होती, नवऱ्याकडचे बाटल्या घेऊन मागणी घालायला आले होते, आणि नवऱ्याचा तो व्हिडिओ फिरला, ज्यात त्याची आत्या टर्कीसारखी गडगड करते आणि तो म्हणतो, "मला बायको नको, आईच्या हातचं फुफू पाहिजे." आईच्या फोनवरनं गेला तो, सगळ्यांना, आणि तुझं लग्न मोडलं. तो मी केला. हसायला. त्यात वाईट काही नव्हतं माझ्या मनात, चांगलं पण नव्हतं, काहीच नव्हतं. मला वाटलं तू पण हसशील.

आई हे म्हणाली. घड्याळात चार दहा.

"अदोमा, तो व्हिडिओ मी केला नाही. मला फोनवर नंबर लावता येत नाही, मी व्हिडिओ काय करणार? तू तेवढं पण ओळखलं नाहीस, इतका राग आला तुला. आन्टोनं केला. त्या आत्याबाई अंडी घेऊन नदीवर निघाल्या होत्या शाप द्यायला. दारात येऊन विचारलं, कुणाचं नाव घेऊ? मी माझं सांगितलं. मला ते लग्न नको होतं म्हणून करून घेतला, असं सांगितलं. तो सतरा वर्षांचा होता. त्याला बाप बघायला मिळाला नाही, त्याचं नाव घेऊन मी नदीवर अंडं फोडू देऊ? मला वाटलं, अदोमा रागानं मरणार नाही, हा शापानं मरेल. म्हणून तुला जाऊ दिलं. ते चुकलं. खोल्या त्या चुकीसाठी देत नाही. माझी पहिली मुलगी आहेस म्हणून देते. ए आन्टो, ऊठ. तिच्या वतीनं बाटली दे मामाला. तूच दे, तुझ्या हातानं."

मी दिली. मामानं दोन्ही हातांनी घेतली. बूच काढलं, जमिनीवर ओतलं, उरलेलं प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "घेतली. बोलणं बंद झालं, कडी लागली." पोकुआ आजीनं आमेन म्हटलं. चार तेरा.

अंड्यानं कुणी मरत नाही, असं मी फिफीला म्हणतो. तो पण म्हणतो, नाही मरत.  पण आईचं पोट दुखायला लागलं ते अंडं फुटलं त्याच पावसाळ्यात.

खोल्यांना आता मामाचं कुलूप आहे. आईचं टेबल आणि कॉम्प्युटर व्हरांड्यात काढून ठेवलाय, त्यावर धूळ बसतेय. मी आज फिफीकडं झोपायला जातो. तुझी दुसरीकडं सोय लागेपर्यंत मी काही पाठवीन असं लिहिणार होतो, पण माझ्याकडं काय आहे.

सोबत दुसरा पेनड्राइव्ह आहे. यात दोन्ही भाग जुळवलेले आहेत, मधे काही नाही. तू असं कर. लाव. घड्याळात चार दहा वाजले की थांबव. आई तुझ्याकडंच बघत असेल. मग वर लिहिलंय ते मोठ्यानं वाच, तुझ्या आवाजात, घाई न करता. तुझा आवाज तिच्यावरच गेलाय, सगळे म्हणायचे. मी लिहिलंय म्हणून वाचू नकोस, तिनं सांगितलंय म्हणून वाच.

मग चालू कर. ती पाणी मागेल. पुढं मशीनला तेल घाल म्हणेल. तिथं ओठ आणि आवाज एकत्र आहेत, तेवढं मी नीट केलंय.

आन्टो